सही नसलेली नोट

अण्णांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू उतरला, त्याच वर्षी मी मॅट्रिक होऊन सोलापूरहून धाराशिवला परत आले. अण्णा म्हणजे माझे वडील. ते जिल्ह्याच्या कचेरीत पेशकार होते. तालुकदार साहेबांपुढे, म्हणजे तिथल्या कलेक्टरापुढे, उभं राहून अर्ज, फिर्यादी आणि हुकूम मोठ्यानं वाचून दाखवायचे, हे त्यांचं काम. निजाम सरकारचं सगळं कामकाज उर्दूत चालायचं. अण्णा वाचायला लागले की बाहेर पायऱ्यांवर बसलेली माणसं विड्या विझवून ऐकत, असं आई सांगायची. नजर अंधूक झाली तशी अक्षरं गेली, आणि अक्षरांमागोमाग नोकरी. मुदत संपायच्या आतच ते घरी बसले.

घरी बसल्यावर त्यांच्याकडे एकच गोष्ट उरली, ती म्हणजे जुन्या नोटा गोळा करायचा नाद.

नोटा गोळा करणं म्हणजे पैसे साठवणं नव्हे, हे आईला कधीच पटलं नाही. "जो पैसा मोडता येत नाही तो पैसा कसला? त्यापरीस लोणचं घातलं असतं तर खायला तरी झालं असतं," असं ती म्हणायची. आमच्याकडे तेव्हा दोन राज्यांचा पैसा हातोहात फिरायचा, निजामाचा हाली आणि इंग्रजांचा कलदार. दुसरी मोठी लढाई चालू झाल्यापासून चांदीचे रुपये लोकांनी घरात दडवले होते आणि बाजारात जो तो कागद पुढं करत होता. कागदाला लोक नाक मुरडत, आणि अण्णा नेमका तोच कागद शोधत. माझी आत्या तुळजापूरला पुजाऱ्यांच्या घरात दिलेली. देवीपुढच्या ताटात मुलखामुलखाच्या नोटा पडायच्या. त्यांतली एखादी जुनाट, वेगळी दिसली की आत्याचे यजमान ती बदलून घेत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याबरोबर पाठवत. अशा नोटेला हटकून हळदीकुंकवाचा डाग असे. अण्णा हळहळत, "देवीचा प्रसाद खरा, पण किंमत निम्मी केली की हो पाहुण्यांनी." बाकीच्या नोटा तेरच्या एका कापडवाल्याकडून, मुरुमच्या बाजारातल्या ओळखीच्या आडत्यांकडून येत.

नोट हातात आली की अण्णा आधी ती कानाशी नेऊन हलकेच झटकत. कागद जिवंत असला तर खडखडतो, मेलेला असला तर गप्प राहतो, असं ते म्हणत. मग बोटांनी घड्या मोजत. कोपरे शाबूत आहेत का, खजिन्यात गड्डी शिवताना सुईची भोकं पडलीत का, हे अंगठ्यानं चाचपत. एवढं सगळं त्यांना न दिसताही जमायचं. पण एकाच छाप्याच्या दहा नोटा समोर असल्या तर त्यांतली दुर्मिळ कोणती, हे बोटांना कळत नाही. फरक असतो सहीत. हैदराबादेतला खजिन्याचा मोठा अंमलदार बदलला की सही बदलते, आणि जो थोडेच दिवस गादीवर होता त्याच्या सहीची नोट मोलाची. सही, नंबर, निजामी फसली साल, हे वाचायला डोळे लागतात, आणि डोळ्यांबरोबर उर्दू लागतं.

मला उर्दूतलं अलिफसुद्धा येत नव्हतं.

यात माझा दोष नव्हता. अण्णांनीच मला लहानपणी सोलापूरला मामांकडे ठेवलं होतं, मडमांच्या इंग्रजी शाळेत. इंग्लंडातल्या नद्यांची नावं मला ओळीनं म्हणता येत होती. पण ज्या राज्यात माझं घर होतं तिथली एक रुपयाची नोट मला वाचता येत नव्हती. तिच्या मागच्या बाजूला कोपऱ्यात बारीक मराठीत 'एक रुपया' असं असे, इंग्रजी आकडा असे, तेवढंच माझं. बाकीची नोट माझ्याशी बोलत नव्हती.

तिच्याशी बोलायची. ती म्हणजे आमच्या शेजारची मुलगी. तिचे अब्बा जिल्ह्याच्या खजिन्यात नोटा तपासण्याच्या कामावर होते. माझ्याहून वर्षा-दोन वर्षांनी लहान, बारीक, गव्हाळ, आणि बोलायला लागली की थांबायची नाही. बाहेर जायचं तर बुरखा, पण आमच्याकडे ती परसदारानं यायची, दुपारी, डोक्यावरची ओढणी सावरत.

"चाचा, आली का काही नवी?"

"आली की. ये बेटा, बस."

खिडकीखाली एक सतरंजी होती. अण्णा भिंतीला टेकून बसत आणि ती त्यांच्या उजव्या हाताला, उजेडाकडे पाठ करून, म्हणजे उजेड नोटेवर पडावा. मला ती जागा हवी होती. दुसरं काही नको होतं. सोलापूरला इतकी वर्षं मी घरी जाण्याचे दिवस मोजले, ते या घरात आपली एक जागा असेल या समजुतीवर. परत आले तर जागेवर ती बसलेली.

माझ्याशी अण्णा चांगले वागत. फारच चांगले वागत. पाहुण्याशी वागावं तसे. मला ते थट्टेनं 'मॅट्रिकबाई' म्हणत. "मॅट्रिकबाई, चहा झाला का तुमचा?" तिला मात्र बेटा. तिनं नंबर चुकीचा वाचला की तिच्या डोक्यात टप्पल मारत. माझ्या डोक्यात कुणी टप्पल मारल्याचं मला आठवत नाही.

मी दारात उभी राहून ऐकायची. हातात तांदळाचं सूप असायचं, म्हणजे उभं राहण्याला कारण असायचं.

"ही सही बघ. गेल्या महिन्यातल्या नोटेवरची ती हीच का?"

"न्हाय चाचा. त्या साहेबाच्या सहीतला नून लई फाकलेला होता, बसलेल्या म्हशीवानी. हे साहेब टापटिपीचे दिसतात. ह्यांची बीबी कडक असंल."

अण्णा पोट धरून हसत. कचेरीतून घरी बसल्यापासून ते हसायचे थांबले होते, असं आई मला पत्रात कळवत होती. म्हणून तिला त्या मुलीचं कौतुक. आईनं तिच्यासाठी एक वेगळी कपबशी कोनाड्यात ठेवली होती, निळ्या काठाची. ती वेगळी का, हे कळण्याचं माझं वय झालेलं होतं, आणि त्याची मनात लाजही वाटायची. तरी खरं सांगायचं तर त्या कपबशीचाही मला हेवा वाटे. आमच्या घरात एका माणसाची म्हणून असलेली तेवढी एकच वस्तू होती.

माझा असा पक्का समज होता, की हे सगळं उर्दूचं आहे. मला उर्दू येत असतं तर ती जागा माझी असती. अण्णांना डोळे हवेत, तिच्याकडे ते आहेत, माझ्याकडे नाहीत, संपला हिशेब. म्हणून मी ठरवलं की शिकायचं. अण्णांना 'शिकवा' म्हणायला जीभ उचलेना. तिला विचारणं तर शक्यच नव्हतं. मी एक युक्ती काढली. हैदराबादच्या नोटेवर एकच रक्कम वेगवेगळ्या लिप्यांत असते. मराठी मला येत होतं, मग मराठी शब्दासमोर उर्दू शब्द ठेवून अक्षरं ओळखू असं मला वाटलं. अण्णांची दुपारची झोप लागली की मी नोटांची ट्रंक उघडायची, कडुनिंबाचा वाळका पाला बाजूला सारायची आणि पाटीवर ती वळणं गिरवायची.

एकदा ती परसदारानं कधी आली ते मला कळलंच नाही. मागून माझ्या खांद्यावरून तिनं पाहिलं.

"आपा, हे काय काढताय? बदक?"

मी पाटी झाकली.

"दाखवा की. काय चोरी केली का?" तिनं नोट उचलली, आणि मग तोंडावर ओढणी धरून जी हसायला लागली ती खालीच बसली. "चाचा! ओ चाचा, उठा! आपानं नोट उलटी धरलीया! डोक्यावर उभी केली सरकारला!"

अण्णा उठले, हसले. वाईट नव्हतं त्यांच्या हसण्यात काही. "मॅट्रिकबाई, तुम्हांला काय गरज या किड्यामुंग्यांची? तुमचं इंग्रजी झकास आहे," असं म्हणाले. ती लगेच म्हणाली, "मी शिकवते ना आपा. आठ दिसात वाचायला लागाल. सोपं हाय."

"नको," मी म्हणाले. "सहज बघत होते."

पुसून टाकली पाटी. त्या दुपारी चहात साखर जास्त झाली, तर अण्णा म्हणाले, "आज कुणाचा हात लागला चहाला?" मी सांगितलं नाही.

थंडीच्या दिवसांत अण्णांना निरोप आला, की रेल्वेतले एक इंग्रज साहेब नोटा जमवतात, त्यांना अण्णांच्या ट्रंकेतली पहिल्या छाप्याच्या एक रुपयाच्या नोटांची जोडी पाहायची आहे. लागोपाठच्या नंबरांच्या त्या दोन नोटा, एक घडी नाही, एक भोक नाही. बदल्यात साहेब अशी एक नोट आणणार होते, की जी मराठवाड्यात कुणाकडे नाही. अण्णा त्या दिवसापासून लहान मुलासारखे झाले. दाढी करायला न्हाव्याला दोनदा बोलावलं.

शेजारची मुलगी परक्या पुरुषासमोर येणं शक्य नव्हतं. अण्णा म्हणाले, "साहेबाला हिंदुस्तानी येतं म्हणे, पण इंग्रजीत घसरला तर आपल्या मॅट्रिकबाई आहेत की." मी ते ऐकलं आणि स्वयंपाकघरात जाऊन उगीचच डाळीचे डबे पुसत बसले. मला इतका आनंद झाला होता की तोंड लपवायला जागा हवी होती. शाळेच्या पेटीतून मी इंग्रजी शब्दकोश काढला. कागद, घडी, पाणछाप, सही, या सगळ्यांना काय म्हणतात ते घोकलं. निऱ्या नीट बसाव्यात म्हणून पातळ गादीखाली दाबून ठेवलं.

साहेब येडशीच्या बाजूनं मोटारीनं आले. उंच, उन्हानं भाजलेले, बोलायला मऊ. बैठकीत खुर्ची दिली होती, तरी अण्णांना सतरंजीवर पाहून तेही खाली बसायला गेले, गुडघे दुमडेनात, पुन्हा खुर्चीवर गेले. मी अण्णांच्या उजव्या हाताला बसले. पहिल्यांदा. बैठकीच्या आणि माजघराच्या मधल्या दाराला पडदा होता. पडद्यामागं आई आणि ती मुलगी शेंगा फोडत होत्या. शेंगांचा आवाज थांबून थांबून येत होता, म्हणजे कान आमच्याकडे होते.

साहेबांनी अण्णांची जोडी बराच वेळ भिंगातून पाहिली आणि ओठ मिटून मान हलवली. मग पाकिटातून आपली नोट काढून अण्णांच्या हातावर ठेवली. निजाम सरकारची दहाची. कडेनं चहा सांडल्यासारखी पिवळी, रंग उतरलेला. बघताना मला तरी तिच्यात काही विशेष वाटलं नाही.

साहेब बोलायला लागले, आणि खरंच दोन वाक्यांत हिंदुस्तानी संपून इंग्रजी सुरू झालं. मी मराठीत सांगत गेले. या नोटा विलायतेत छापून जहाजानं हिंदुस्तानात येत होत्या. वाटेत जहाज बुडालं. जहाजात सोनं होतं, म्हणून बऱ्याच वर्षांनी पाणबुडे खाली गेले, आणि सोन्याबरोबर या नोटाही वर आल्या. त्यांतली ही एक.

"समुद्राच्या तळाहून?" अण्णांचा आवाज बारीक झाला. "आपल्या सरकारची नोट समुद्रात जाऊन आली?" समुद्र त्यांनी कधी पाहिला नव्हता. आता दिसणारही नव्हता. त्यांनी नोट कानाशी नेऊन झटकली. कागद गप्प राहिला. नाकाशी नेली. मग म्हणाले, "आत दाखवून आण बरं."

मी त्यांच्या शेजारी बसले होते. मला डोळे होते. तरी ते म्हणाले, आत दाखवून आण.

मी उठले. पडदा सारून आत गेले. तिनं टरफलांचे हात ओढणीला पुसले, नोट परसदाराच्या उजेडाला धरली, उलटी केली, पुन्हा सुलटी केली.

"सही कुठंय आपा?"

मीही पाहिलं. सहीच्या जागी कोरं होतं.

"बेसही नोट म्हणजे नुसता कागद. अब्बा शंभरदा सांगतात. खजिन्यात अशी नोट आली तर आणणाऱ्याला बसवून ठेवतात, जाऊ देत न्हाय." आणि माझ्या हातात ती परत द्यायच्या आधीच तिनं पडद्याकडे तोंड करून, परका पुरुष बसलाय हे विसरून, सांगून टाकलं, "चाचा, नक्को! सही न्हाय हिच्यावर!"

आईनं तिच्या दंडाला चिमटा काढला. मी बाहेर आले. साहेबांना इंग्रजीत विचारलं की सही का नाही. त्यांनी माझ्याकडे पाहून हसत सांगितलं, "नसणारच. सही हैदराबादला पोचल्यावर व्हायची होती. नोट पोचलीच नाही. सही असती तर मीच ही नोट घेतली नसती."

ते ऐकलं आणि मला कळलं की हे खरं आहे. सगळं जुळत होतं. खजिन्याचा नियम खजिन्यात पोचलेल्या नोटांना लागतो, समुद्रात गेलेल्या नोटेला कसा लागेल? तिला हे कळलं नव्हतं, मला कळलं होतं.  मी अण्णांकडे वळून म्हणाले, "ते म्हणतात, सही हैदराबादला व्हायची होती."

माझा आवाज लहान आहे. शाळेतसुद्धा मडमा मला 'पुन्हा म्हण' असं सांगत. पण अण्णांनी ऐकलं. त्यांनी मान पडद्याच्या दिशेनं फिरवली.

पडद्यामागून हलक्या आवाजात, पण सगळ्यांना ऐकू जाईल असं आलं, "व्हय का! उद्या कोणी बिनमुंडक्याचा माणूस आणून उभा करंल चाचा, आन म्हणंल, मुंडकं हैदराबादला बसवायचं होतं."

अण्णा खदखदून हसले. साहेबांना कळलं नाही, तरी तेही हसले. अण्णांनी नोट दोन्ही हातांत धरून अदबीनं साहेबांपुढे केली. "साहेबांना सांग, माफी असावी. आमची जोडी आमच्याकडेच राहू द्या."

मी ते इंग्रजीत सांगितलं. घोकलेल्या शब्दांपैकी एकही लागला नाही. साहेबांनी राग धरला नाही, चहा घेतला, गेले. मोटारीची धूळ बसायच्या आत ती पडदा सारून बाहेर आली आणि माझ्या जागेवर बसून म्हणाली, "वाचलो चाचा आपण."

पुढं कित्येक दिवस मी मनात एकच गोष्ट चघळत होते. केव्हातरी हे उघडं पडेल. केव्हातरी अण्णांना कळेल की ती चुकली आणि मी बरोबर होते. त्या दिवसाची मी वाट पाहत होते, सासुरवाशीण माहेरच्या टांग्याची पाहते तशी.

तो दिवस सोलापूरला आला. उन्हाळ्याच्या तोंडी अण्णांच्या एका डोळ्याचं ऑपरेशन तिथल्या दवाखान्यात झालं. डोळ्यांवर पट्टी, डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या, हलायचं नाही, खोकायचं नाही, हसायचं तर मुळीच नाही. मी मामांच्या घरून सकाळी जायची ती संध्याकाळपर्यंत तिथंच. परिचारिकांशी मी इंग्रजीत बोलायची, त्यामुळं अण्णांची उशी आधी बदलली जायची. मला ते दिवस आवडले, हे लिहायला बरं दिसत नाही. पण अण्णा पूर्णपणे माझे होते आणि धाराशिव लांब होतं. एकदोनदा त्यांनी विचारलं, "पोरीचा काही निरोप?" मी म्हणाले, नाही. खरंच नव्हता.

शेजारच्या खाटेवर बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ होते. गप्पांत नोटांचा विषय निघाला. अण्णांनी आपली फसवणूक टळल्याची गोष्ट रंगवून सांगितली. ते गृहस्थ ऐकत राहिले आणि मग म्हणाले, "अहो पेशकारसाहेब, ती खरी होती. आमच्या बँकेतल्या मोठ्या साहेबांकडे तसलीच एक चौकटीत लावलेली होती. सही कुठून असणार तिच्यावर? ती तर हैदराबादला पोचायच्या आधीच बुडाली."

 अण्णांचे खांदे हलायला लागले. मला वाटलं रडताहेत. मी उठून वाळूच्या पिशव्या धरल्या. ते हसत होते, ओठ दाबून, पट्टीखालून पाणी यायचं बाकी होतं. "अरे देवा. काय फजिती! मी आणि ती पोरगी, दोघंही गाढव निघालो की!"

"मी सांगितलं होतं," मी म्हणाले. या वाक्याची मी इतकी तयारी केली होती, आणि तेही लहान आवाजातच निघालं.

"काय?"

"सही हैदराबादला व्हायची होती, हे."

ते थांबले. पट्टीमुळं चेहऱ्यावरचं काही वाचता येत नव्हतं. "ते साहेब म्हणाले होते. तू म्हणालीस, 'ते म्हणतात'. तुझं काय म्हणणं होतं?"

मी त्यांच्या चादरीचं टोक आत खोचलं.

"ती म्हणाली, खोटी आहे. चुकली, पण म्हणाली. तू काय म्हणालीस? आयुष्यभर मी साहेबांपुढं दुसऱ्यांचे कागद वाचले. 'अर्जदार म्हणतो', 'फिर्यादी म्हणतो'. पेशकाराला कुणी विचारत नाही, बाबा तुला काय वाटतं?" मग अगदी हळू, "मला वाटलं, तुला त्यात काही गोडीच नाही. दारात उभी असतेस सूप घेऊन."

म्हणजे त्यांना ते माहीत होतं. दिसत नव्हतं तरी सुपातल्या तांदळाचा आवाज येत होता.

मला रडू आलं नाही, राग आला. ती नुसती बसली आणि ती जागा तिची झाली, आणि मी सांगितलं नाही म्हणून ती माझी नाही. माणसानं आपल्याच घरात अर्ज करायचा का? पण मी हे बोलले नाही. पिशव्या सरळ केल्या आणि पाणी आणायला गेले.

जाड काचांचा चष्मा लावून अण्णा परत आले. काचांमागं त्यांचे डोळे मोठे आणि नवखे दिसायचे. पहिल्याच दिवशी त्यांनी ट्रंक उघडून एक एक नोट स्वतः वाचली, मोठ्यानं, कचेरीत वाचत तशी. मी मनात म्हटलं, आता नजर परत आली. आता तिचं काम नाही.

ती दुपारी आली. समुद्राच्या नोटेची गोष्ट ऐकून तिनं कपाळावर हात मारला. "हाय अल्ला! माझ्यामुळं चाचा तुमचा समुद्र गेला!"

"तुझ्या एकटीमुळं कसला? मी काय झोपलो होतो? दोघांनी मिळून घालवला."

आणि दोघं हसत सुटले. चूकसुद्धा त्यांची दोघांची होती. मी बरोबर होते ती एकटी.

ती येत राहिली. अण्णा आता सही स्वतः वाचत, नंबर स्वतः वाचत, आणि मग नोट तिच्याकडे सरकवून विचारत, "बरोबर ना?" बरोबर असायचंच. ती तरी भिंगातून बघायची, आणि साहेबाच्या बीबीबद्दल काहीतरी बोलायची. महिनाभर मी हे पाहिलं. मग मला मान्य करावं लागलं की ते उर्दूचं नव्हतंच. डोळ्यांचंही नव्हतं. मला उर्दू आलं असतं तरी मी दारातच उभी राहिले असते, सूप घेऊन, आणि दोन भाषांत गप्प बसले असते. याहून वाईट गोष्ट मला तेव्हा दुसरी सुचत नव्हती, कारण दोष द्यायला काही उरलं नव्हतं.

मृगाच्या आधी मुरुमहून एक पाचाची नोट आली. तिच्या मधोमध एक बारीक रेघ होती. अण्णा म्हणत होते, घडी आहे, म्हणजे किंमत उतरली. तिचंही तेच म्हणणं. मी चहा घेऊन गेले होते. कपबशा खाली ठेवल्या आणि नोटेवर वाकले. रेघ एका काठापासून निघून मधेच थांबत होती. घडी अशी मधे थांबत नाही.

"चुणी आहे," मी म्हणाले. "कागद छापायच्या आधीच पडलेली."

दोघांनी वर पाहिलं.

"कोण म्हणतं?" अण्णांनी विचारलं.

"मी म्हणते."

"नक्को आपा, घडीच हाय. बघा की हात लावून."

"तूच बघ. घडीला कागद तुटतो, इथं तुटलेला नाही."

"मॅट्रिकबाई भांडायला लागल्या," अण्णा म्हणाले, आणि नोट उन्हासमोर धरून चष्मा वर-खाली करायला लागले. "मला तर घडीच वाटते बुवा."

दोघं एका बाजूला, मी एका बाजूला. मी उठले नाही. दारात जायचं सोडून तिथंच सतरंजीच्या कडेला बसले आणि भिंग मागितलं. तिनं भिंग दिलं. मग ती अण्णांपासून थोडी बाजूला सरकली आणि हातानं सतरंजी थोपटून म्हणाली, "अश्या कडंला काय बसता आपा? इकडं या, उजेड हाय."

मी गेले तिथं. जागा चांगली होती, उजेड नेमका नोटेवर पडत होता. पण माझ्या घरातल्या सतरंजीवर मला बसायला सांगणारी ती कोण, हे माझ्या मनात आल्यावाचून राहिलं नाही.